एजंट तुळस आणि बारा प्रती

माझ्या मुलाने मला अमर केलं आणि त्यानंतर तीनच दिवसांनी मी त्याचंच पुस्तक शेजारणीच्या घरातून चोरताना पकडले गेले.

पहिल्यापासून सांगते. निनाद आमचा एकुलता एक. इंजिनिअर झाला, हिंजवडीला नोकरीला लागला. आम्ही राहतो कात्रजच्या अलीकडे, म्हणजे शहराच्या बरोब्बर दुसऱ्या टोकाला. तीन वर्षं तो रोज पावणेदोन तास जायला आणि दोन तास यायला घालवत होता. एक दिवस जेवताना म्हणाला, "आई, मी नोकरी सोडली. आता कॉमिक्स काढणार."

"काढ की," मी म्हटलं. "रविवारी काढ. नोकरी कशाला सोडायची?"

"सोडली म्हणजे सोडली, आई."

ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं, निनादकडे पाहिलं आणि पुन्हा वर केलं. (आमच्या घरात याला चर्चा म्हणतात.)

पुढची दोन वर्षं पोरगा खोलीत बसून चित्रं काढत होता. चहा नेला की वर न बघता "ठेव" म्हणायचा. शेवटी एका छोट्या प्रकाशन संस्थेने पहिला भाग छापायचं कबूल केलं. तिथल्या रेवती मॅडम स्पष्टवक्त्या. "वाचकांना भावलं असं डोळ्यांनी दिसलं, तर पुढचे पाच भाग करू. नाही दिसलं, तर इथेच थांबू," म्हणाल्या. निनादनेही मनाशी ठरवून टाकलं होतं. "नाही जमलं तर एक तारखेपासून परत हिंजवडी. जुन्या साहेबांचा फोन येऊन गेलाय," असं तो इतक्या सहज म्हणाला, की मी पाठ फिरवून आमटी ढवळायला लागले. आमटी गार होती, गॅस बंद होता. पण त्या वेळी त्याच्याकडे बघवलं नसतं मला.

त्यातच मला कळलं, की या पुस्तकाची नायिका मी आहे!

"तू म्हणजे तूच असं नाही," निनाद घाईघाईने म्हणाला. "एजंट तुळस. सरकारची गुप्तहेर. म्हणजे बघ, शहरात सुपरहिरो झालेत, कुणी बस उचलतोय, कुणी आग ओकतंय. सरकारचा त्यांच्यावर विश्वास नाही. म्हणून त्यांच्यावर पाळत ठेवायला ही बाई नेमलीय. तिच्याकडे एकही पॉवर नाही. ती नुसती गॅलरीत तुळशीला पाणी घालते आणि तिला सगळं कळतं."

"आणि बातमी कशी काढते?"

"वाटीभर साखर मागायला जाते."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. वर्तमानपत्र हलत होतं. आतून हसण्याचा आवाज येत होता.

आता मी नसत्या चौकशा करणारी बाई नाही. माणसं आपणहून बोलतात, त्याला मी काय करू? पण गुप्तहेर म्हटल्यावर माझी मान जरा ताठ झाली, हे कबूल करते. गुरुवारी पुस्तकं घरी आली. मुखपृष्ठावर नऊवारी नाही, बंदूक नाही. साधी नायलॉनची साडी, हातात पिशवी, काळा चष्मा, आणि मागे आकाशात उडणारी माणसं. डोळे भरून आले हो माझे. मी लगेच पहिली प्रत देवघरात ठेवली, हळदकुंकू वाहिलं, वर सुपारी ठेवली, उदबत्ती ओवाळली.

इथे माझी घोडचूक झाली. कुठल्याही देशातल्या आईने मुलाचं पुस्तक हातात आल्यावर ते वाचलं असतं. मी पूजा केली!

आणि नुसती पूजा करून थांबले नाही. रविवारी संध्याकाळी सहाला सोसायटीच्या हॉलमध्ये प्रकाशन ठरलं होतं, खुद्द रेवती मॅडम वाचकांचा प्रतिसाद बघायला येणार होत्या. मी शुक्रवारी अक्षता घेऊन बारा घरी आमंत्रणं केली आणि प्रत्येक घरी एकेक प्रत ठेवून आले. "वाचून या हं," असं प्रत्येक दारात निक्षून सांगितलं.

रविवारी सकाळी ह्यांनी देवघरातली प्रत सुपारी बाजूला करून उचलली. चहा संपेपर्यंत वाचली आणि म्हणाले, "अकरावं पान बघितलंस?"

"काय आहे?"

"परांजपे आहेत."

मी झडप घातली. अकराव्या पानावर 'कॅप्टन पोलाद' नावाचा सुपरहिरो होता. भक्कम छाती, पांढऱ्या मिशा, पायात केशरी बूट. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष परांजपे काका अगदी अस्सेच केशरी बूट घालून रोज सकाळी तळजाईच्या टेकडीवर जातात, कारण त्यांना साखर आहे. खाली एजंट तुळसच्या गुप्त फायलीतली नोंद: 'कॅप्टन पोलाद टेकडी चढत नाहीत. पायथ्याशी बसून जिलबी खातात. पत्नीस कल्पना नाही.'

मी घाईघाईने पान उलटलं. पुढच्या पानावर 'ज्वाला'. ही तोंडातून आग ओकते, कारण माहेरहून येणारं पिढीजात तिखट ती रोज खाते. फाईल म्हणते: 'तिखट माहेरचे नाही. कात्रज चौकातल्या दुकानातून आणून बरणीत ओतले जाते.' ही आमची तिसऱ्या मजल्यावरची वैशाली वानखेडे, अमरावतीची. तिच्या त्या तिखटाची कीर्ती पार पुढच्या सोसायटीपर्यंत आहे. आणि पंधराव्या पानावर 'अदृश्य मास्तर', जे कुणालाही न दिसता भिंतींवर बोचरी वाक्यं चिकटवून जातात. आमच्या लिफ्टमध्ये गेली चार वर्षं निनावी सूचना लागतात. ('लिफ्ट वजन उचलते. गप्पांचा भार तिच्यावर टाकू नये.') त्या तळमजल्यावरचे तांबोळी सर लावतात. गणिताचे निवृत्त शिक्षक, मितभाषी, दिसायला गरीब गाय. हे मला कसं कळलं ते जाऊ द्या.

हे सगळं मी जेवताना निनादला सांगितलेलं होतं. तो वर न बघता जेवायचा. मला वाटायचं, ऐकतच नाही!

मी निनादला फोन लावला. तो पोस्टर आणायला गेला होता.

"आई, काल्पनिक आहे गं. नावं बदललीत मी."

"नावं बदललीस, पण जिलबी नाही ना बदललीस!"

"जिलबीत काय एवढं? बरं ऐक, रेवती मॅडम साडेपाचलाच येतायत. लोक येतील ना नक्की?"

"येतील," मी म्हटलं आणि फोन ठेवला. लोक येतील हे खरंच होतं. काय हातात घेऊन येतील एवढाच प्रश्न होता.

"अहो, आता काय करायचं?"

"एजंट तुळसने काय केलं असतं?" ह्यांनी विचारलं. हा टोमणा होता. पण मी तो सल्ला म्हणून घेतला.

मी चप्पल सरकवली, मोठी पिशवी घेतली आणि निघाले. सबब तयार होती: चौदावं पान उलटं छापलं गेलंय, प्रत बदलून देते, संध्याकाळी हॉलवर नवीन मिळेल. आणि काय सांगू, बारापैकी नऊ घरांत ही थाप अशी काही चालली, की मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं! नऊ प्रती पिशवीत. आता उरली तीनच घरं. नेमकी तीच तीन.

परांजपे काकूंनी दार उघडलं. "पुस्तक होय? ते ह्यांच्याकडे आहे."

"काका कुठेत?"

"बाथरूममध्ये. पुस्तक घेऊनच गेलेत. अर्धा तास झाला."

आतून परांजपे काकांचा आवाज आला. "कोण आहे?"

"मी, देवधर! काका, चौदावं पान उलटं आहे, प्रत द्या!"

"मी अकराव्यावर आहे," आतून उत्तर आलं. "चौदावं आलं की बघू."

मी तिथून काढता पाय घेतला. तळमजल्यावर तांबोळी सर दारातच खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर पुस्तक, हातात पेन्सिल.

"सर, चौदावं पान…"

"सरळ आहे, वहिनी."

"नाही म्हणजे, काही प्रतींत…"

"माझ्या प्रतीत बत्तीस पानं आहेत. सगळी मोजली. सगळी सरळ आहेत. वाकडं असं काहीच आढळलं नाही." आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत पुढे म्हणाले, "अजून तरी."

मी तिथूनही सटकले. राहिली वैशाली. तिच्याकडे थाप मारायची हिंमत उरली नव्हती, म्हणून मी एजंट तुळसची मूळ पद्धत वापरली.

"वैशाली, वाटीभर साखर देतेस का गं?"

"देते ना काकू, या बसा," म्हणत ती आत गेली. पुस्तक समोर फ्रिजवरच होतं. मी ते उचललं, पिशवीत टाकावं तर पिशवी दाराबाहेर चपलांपाशी ठेवलेली! मग पोट आत घेतलं, पुस्तक पदराखाली खोचलं आणि साध्वीसारखा चेहरा करून उभी राहिले.

वैशाली साखर घेऊन आली. ती मी उजव्या हातात घेतली. "निघते गं."

"थांबा ना बाप्पा! तुमचा डबा राह्यला माह्याकडे मागच्या हप्त्यापासून. रिकामा कसा देऊ? गोळाभात केला हाय, गरम गरम नेजा."

आता आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत, हा नियम मी जन्मभर पाळला आणि वैशालीलाही मीच शिकवला होता. ती डबा भरत होती, मी पोट आत धरून उभी. सत्तावन्नाव्या वर्षी पोट किती वेळ आत राहतं? तिने वाफाळता डबा माझ्या डाव्या हातात दिला. दोन्ही हात अडकले. पुस्तक एक बोट खाली सरकलं.

"चलते," मी श्वास न सोडता म्हटलं.

"वर तेल घालून देऊ काय जी? कोरडा लागन."

"नको."

"लोणचं?"

"न… नको."

तेवढ्यात परांजपे काकू दारात उभ्या राहिल्या. "अगं वैशाली, ते पुस्तक वाचलंस का?" असं त्या म्हणाल्या आणि माझा श्वास सुटला. पुस्तक फरशीवर आदळलं आणि उघडलं ते थेट ज्वालाच्या पानावर.

तिघी पुस्तकाकडे बघत होतो.

"काय पडलं?" काकूंनी विचारलं.

"पुस्तक."

"कुठून?"

"माझ्यातून," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

वैशालीने पुस्तक उचललं, माझ्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं. "काहून जी काकू? अवं, मागून नेलं असतं तं दिलं नसतं काय म्या?" एवढंच म्हणाली ती, पण अशा आवाजात, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी साखर आणि गोळाभात घेऊन जिना चढले. लिफ्टने जायची माझी लायकी राहिली नव्हती.

घरी येऊन मी रडले. अगदी खरंखुरं. चोरीचं काही वाटत नव्हतं. माझ्या तोंडामुळे पोराची दोन वर्षं पाण्यात जाणार, याचं वाटत होतं. त्याने माझ्यावर जीव लावून ते पुस्तक काढलं आणि मी त्यात भरायला काय दिलं, तर उणीदुणी. ह्यांनी पाण्याचा पेला आणून दिला आणि शेजारी बसून राहिले. मग म्हणाले, "गोळाभात चांगला झालाय." (याला आमच्याकडे सांत्वन म्हणतात.)

पाच वाजता निनाद आला. नवा कुडता, गालावर कसला तरी निळा रंग लागलेला, आणि चेहरा दहावीच्या निकालाच्या दिवशी होता तसा. मी काही म्हणजे काही सांगू शकले नाही. रुमाल ओला करून त्याच्या गालावरचा रंग तेवढा पुसला.

हॉलमध्ये चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. रेवती मॅडम पहिल्या रांगेत वही उघडून बसल्या. आता पुण्यात सहाचा कार्यक्रम म्हणजे पावणेसहाला पुढच्या खुर्च्यांवर रुमाल पडलेले असतात. सहा वाजले, एक रुमाल नाही. सहा पाच. सहा दहा. ह्यांनी तिसऱ्यांदा माइक तपासला. निनाद कोपऱ्यातलं एजंट तुळसचं पोस्टर सरळ करत होता. ते सरळच होतं. तो ते पुन्हा सरळ करत होता.

"लोकांना वेळ सांगितली होती ना?" रेवती मॅडमनी विचारलं.

मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकावं, पोराचा यात दोष नाही म्हणावं, म्हणून मी तोंड उघडलं आणि जिन्यात धाडधाड पावलं वाजली. परांजपे काका पुढे, काकू, वैशाली, तांबोळी सर आणि त्यांच्यामागे बाराच्या बारा घरं, पोराबाळांसकट! चेहरे गंभीर. मी सरळ माइक हिसकावून घेतला.

"थांबा! निनादला कुणी काही बोलू नका. जिलबी मी सांगितली. तिखटही मीच. सूचनांचंही मीच. त्याने फक्त चित्रं काढली. माझं तोंड ताब्यात राहत नाही, त्याची शिक्षा त्याला देऊ नका. मी सगळ्यांची माफी मागते."

माइक एकदा किंचाळला.

"वहिनी," परांजपे काका म्हणाले, "उशीर झाला त्याचं कारण तुम्हीच आहात. सगळ्यांची पुस्तकं तुम्ही उचलून नेलीत. तीन प्रतींत बारा घरांनी वाचायचं कसं? वैशालीकडे बसून मोठ्याने वाचत होतो. शेवटची दोन पानं राहिली होती, ती टाकून कोण येणार?"

"पण… जिलबी?"

"जिलबीचं काय?" काकू म्हणाल्या. "ते तर तुम्हीच मला संक्रांतीला वाण देताना सांगितलंत की. तेव्हापासून मी ह्यांच्याबरोबर टेकडीवर जाते. साखर खाली आलीय त्यांची!"

"आन् तिखटाचं दुकान तुमीच तं साऱ्या बिल्डिंगले दाखवलं, काकू," वैशाली म्हणाली. "आता सारेच तिथूनच आणतेत. दुकानवाला मले दिवाळीले मिठाई पाठवते."

मी केविलवाण्या नजरेने तांबोळी सरांकडे पाहिलं. सर उठून उभे राहिले.

"लिफ्टमधल्या सूचना मी लिहितो, हे तुम्ही मलाही सांगितलं होतंत, वहिनी. खुद्द मला. 'कुणाला सांगू नका हं' असंही म्हणालात. मी अजूनपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही."

त्यानंतर जे हसणं सुटलं, ते ह्यांच्या वर्तमानपत्राच्या मागेही मावलं नसतं. निनाद हसत होता, डोळे पुसत होता, पुन्हा हसत होता. मग परांजपे काकांनी कॅप्टन पोलादला पुढच्या भागात घोडा मिळावा अशी मागणी केली. वैशालीला ज्वाला जरा बारीक काढायला हवी होती. मुलं उडणाऱ्या माणसांच्या पानावरून भांडत होती. रेवती मॅडमच्या वहीची तीन पानं भरली.

"कुणाला काही न पटलेलं?" त्यांनी विचारलं.

तांबोळी सरांनी पेन्सिल वर केली. "एक शंका आहे. माणूस बस उचलतो, पटलं. बाई आग ओकते, तेही पटलं. परंतु शेवटच्या प्रसंगात खलनायक एजंट तुळसला तीन दिवस कोंडून ठेवतो आणि ती एकही गुपित तोंडातून काढत नाही. हे लेखकाने जरा अतीच केलंय."

"सर," निनाद म्हणाला, "सुपरपॉवर एखादी तरी तिलाही द्यायला नको का?"

चहा चालू असताना रेवती मॅडमनी मला आणि निनादला बाजूला घेतलं. "पाचही भाग करायचे. नक्की. मी आता माइकवरून जाहीर करते, तोवर कुणाला सांगू नका. लोकांना तिथेच कळू दे, मजा येईल." निनादने माझा हात गच्च धरला. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. मी मान डोलावली, ओठ मिटले आणि चहाचा ट्रे घेऊन खुर्च्यांच्या रांगेतून निघाले.

ट्रेपासून माइकपर्यंत फार तर पंधरा पावलं होती. रेवती मॅडम माइकपाशी पोहोचल्या, तेव्हा टाळ्या वाजून संपल्या होत्या.